हरवलेल्या मुलाचे नाव : 'तेर्रा सोनाम्बुला' या कादंबरीविषयी

मोझांबिक हे नाव आपल्या समाजाला अगदीच अनोळखी नाही. संत फ्रान्सिस झेवियर १५४१ साली लिस्बनहून गोव्यास यावयास निघाले, तेव्हा मोझांबिकच्या बेटावर त्यांचा कित्येक महिने मुक्काम पडला आणि तो सारा काळ त्यांनी तेथील आजाऱ्यांच्या शुश्रूषेत घालवला. वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती तोवर, म्हणजे १७३९ पर्यंत, वसईचा किल्ला आणि मोझांबिकचा किल्ला गोव्याच्या एकाच व्हाइसरॉयच्या हुकमतीखाली होते. मोझांबिकचा कारभार गोव्यापासून वेगळा झाला तो १७५२ साली. मात्र १९७५ साली स्वतंत्र झालेल्या या देशावर पुढे काय ओढवले, याची चर्चा आपल्या घरांतून क्वचितच झाली. ती उणीव काही अंशी भरून काढणारी एक कादंबरी आमच्या वाचनात आली. मिया कोउतो यांची 'तेर्रा सोनाम्बुला', म्हणजे 'झोपेत चालणारी भूमी', ही ती कादंबरी. मूळ पोर्तुगीज पुस्तक १९९२ साली लिस्बनला प्रसिद्ध झाले. डेव्हिड ब्रुकशॉ यांचा इंग्रजी अनुवाद २००६ साली निघाला आणि त्याच्याच आधारे आम्ही हे लिहीत आहोत.

कादंबरी थोर आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. विसाव्या शतकातील आफ्रिकेच्या बारा श्रेष्ठ पुस्तकांत २००२ साली तिची गणना झाली, तीही योग्यच होय. तरी तिच्यात एक जागा रिकामी राहिली आहे. तिच्या गुणांइतकाच त्या रिकाम्या जागेचाही विचार ख्रिस्ती वाचकाने करावा, असे आम्हांला वाटते. ही कादंबरी हरवलेल्या मुलाला त्याचे नाव परत मिळवून देते, परंतु हातात बंदूक घेतलेल्याला मात्र ती नाव विचारीत नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. फ्रेलिमो, म्हणजे मोझांबिकची मुक्ती आघाडी, १९६२ साली दारेसलाम येथे स्थापन झाली आणि १९६४ पासून तिने पोर्तुगीज सत्तेविरुद्ध सशस्त्र लढा दिला. २५ जून १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला आणि समोरा माशेल राष्ट्राध्यक्ष झाले. १९७७ च्या अधिवेशनात फ्रेलिमोने स्वतःला मार्क्स-लेनिनवादी पक्ष म्हणून जाहीर केले. दुसऱ्या पक्षाला देशात जागा उरली नाही. नव्या राजवटीने साक्षरतेसाठी आणि लसीकरणासाठी मनापासून कष्ट घेतले, हे कोणीही मान्य करील. पण त्याच राजवटीने मिशनच्या शाळा आणि दवाखाने ताब्यात घेतले, गावोगावच्या परंपरागत प्रमुखांना बाजूस सारले, शेतकऱ्यांना विखुरलेल्या वस्त्यांतून उठवून सामुदायिक खेड्यांत बसवले आणि १९८३ साली शहरांतील 'अनुत्पादक' ठरवलेल्या हजारो लोकांना दूरच्या नियासा प्रांतात धाडून दिले.

येथे ख्रिस्तसभेचीही बाजू निर्मळ मनाने पाहावयास हवी. पोर्तुगाल आणि व्हॅटिकन यांच्यातील १९४० च्या करारानंतर तेथील मिशनकार्य वसाहती सत्तेच्या फार जवळ गेले होते, आणि बहुतेक बिशप लढ्याच्या काळात गप्प राहिले. डिसेंबर १९७२ मधील विरियामूचे हत्याकांड जगापुढे आले ते काही मिशनरी धर्मगुरूंच्या धैर्यामुळे. नाम्पुलाचे बिशप मानुएल व्हिएरा पिंटो यांना तर १९७४ साली पोर्तुगीज सरकारने देशाबाहेर काढले. पण असे आवाज थोडे होते. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर राज्यकर्त्यांनी ख्रिस्तसभेकडे संशयाने पाहिले, यात सगळाच अन्याय होता असे म्हणता येत नाही.

रेनामो हे बंड उभे राहिले ते शेजारच्या ऱ्होडेशियातील गोऱ्या राजवटीच्या गुप्तहेर खात्याच्या आश्रयाने. १९८० साली ऱ्होडेशियाचा झिंबाब्वे झाल्यावर त्याचा सांभाळ दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने केला. १९८४ साली दक्षिण आफ्रिकेने न्कोमाती येथे मदत थांबवण्याचा करार केला खरा, पण दुसऱ्याच वर्षी गोरोंगोझा येथील तळावर सापडलेल्या कागदपत्रांनी मदत चालूच असल्याचे उघड केले. या बंडखोरांनी शाळा व दवाखाने जाळले, बसगाड्या पेटवल्या, माणसांचे कान-नाक कापले, कोवळी मुले पळवून नेऊन त्यांच्या हाती शस्त्रे दिली. जुलै १९८७ मध्ये होमोइने गावात चारशेहून अधिक माणसे मारली गेली. १९८८ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यासाठी रॉबर्ट गेर्सोनी यांनी निर्वासितांच्या मुलाखतींवरून केलेल्या अहवालात रेनामोने मारलेल्या नागरिकांचा आकडा सुमारे एक लाखापर्यंत असावा, असा अंदाज दिला. भूक आणि रोगराई धरून या युद्धातील बळींची संख्या दहा लाखांच्या घरात जाते, असे मानले जाते.

या राखेतून 'तेर्रा सोनाम्बुला' उगवली आहे. जळालेल्या रस्त्यावर एक जळालेली बस उभी आहे. तुआहिर नावाचा म्हातारा आणि मुइदिंगा नावाचा मुलगा तिच्यात आसरा घेतात. विषारी कंद खाऊन मेलेल्या मुलांबरोबर या मुलालाही निर्वासितांच्या छावणीत पुरले जाणार होते. तो जिवंत आहे, हे म्हाताऱ्याच्या लक्षात आले. त्याने त्याला उचलले आणि पुन्हा चालावयास व बोलावयास शिकवले. मुलाला स्वतःचे पूर्वायुष्य आठवत नाही. बसजवळ एक प्रेत पडलेले आहे आणि प्रेताशेजारच्या पेटीत काही वह्या आहेत. त्या किंदझू नावाच्या तरुणाने लिहिलेल्या आहेत. मुलगा रोज रात्री त्या मोठ्याने वाचतो, म्हातारा ऐकतो, आणि बस जागची हललेली नसताना भोवतालचा प्रदेश मात्र बदलत जातो. एक प्रकरण बसमधले आणि एक वहीतले, अशी ही रचना शेवटपर्यंत चालते.

लेखकाचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर किंदझूच्या धाकट्या भावाची हकिकत वाचावी. स्वातंत्र्याच्या सुमारास जन्मलेल्या या बाळाचे नाव बापाने 'पंचवीस जून' असे ठेवले. घरचे त्याला लाडाने जुन्यितो म्हणत. युद्ध जवळ आले तेव्हा हल्लेखोरांपासून वाचवण्यासाठी बापाने त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवले, अंगावर पिसे चढवली, आरवावयास शिकवले. हळूहळू मुलगा माणसाची भाषा विसरला आणि एके दिवशी नाहीसा झाला. राष्ट्राच्या जन्मदिवसाचे नाव धारण करणारे मूल खुराड्यात दडून माणूसपण गमावते. स्वातंत्र्याची शोकांतिका सांगावयास लेखकाला येथे एकही भाष्य करावे लागलेले नाही.

राजवटीकडेही लेखक डोळेझाक करीत नाही. एस्तेवांव जोनास हा प्रशासक जनतेच्या नावाने घोषणा देतो आणि जनतेच्या तोंडचा घास विकतो. मदतीचा माल घेऊन येणारे जहाज किनाऱ्याजवळ रुतून बसलेले आहे आणि किनाऱ्यावर माणसे उपाशी आहेत. याहून बोचरी गोष्ट म्हणजे रोमांव पिंटो हा मेलेला पोर्तुगीज मळेवाला भूत होऊन परततो आणि या प्रशासकाशी धंद्याची बोलणी करतो. वसाहतवादाचे भूत आणि क्रांतीचा अधिकारी एका मेजावर बसतात! मिया कोउतो हे १९५५ साली बैरा शहरात पोर्तुगीज आईबापांच्या पोटी जन्मले, मुक्तिलढ्याच्या बाजूने उभे राहिले आणि स्वातंत्र्यानंतर सरकारी वृत्तसंस्थेचे संचालक होते. आपल्याच पक्षाच्या राजवटीचे असे चित्र रेखाटणे ही साधी गोष्ट नव्हे.

आणखी एका पात्राचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. सुरेंद्र वाला हा भारतीय दुकानदार किंदझूचा जिवलग आहे. आफ्रिकेतील कथांत भारतीय दुकानदार बहुधा तराजू मारणारा म्हणून येतो. येथे तो पोरक्या पोराला गोष्टी सांगणारा, समुद्राकडे पाहत बसणारा माणूस म्हणून येतो. गावकरी त्याला परका मानतात. तो मात्र किंदझूला पटवून देतो की आपण दोघे एकाच समुद्राचे, हिंदी महासागराचे, नागरिक आहोत. अखेर त्याचे दुकान उद्ध्वस्त होते आणि त्याला गाव सोडावे लागते. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगीज सरकारने मोझांबिकमधील भारतीय नागरिकांना स्थानबद्ध करून हद्दपार केले होते. दुसरीकडे गोव्यात जन्मलेले आकिनो दे ब्रागांसा माशेल यांचे निकटचे सल्लागार झाले आणि १९८६ च्या विमान अपघातात त्यांच्याबरोबरच मरण पावले. हे सारे ठाऊक असलेल्या भारतीय वाचकाला सुरेंद्रचे एकटेपण अधिकच जाणवेल.

आता त्या रिकाम्या जागेकडे वळू. प्रशासकाला नाव आहे, दुकानदाराला नाव आहे, भुतालाही नाव आहे. ज्यांनी बस जाळली, त्यांना मात्र नाव नाही. ते टोळ्या म्हणून येतात, धुरासारखे येतात आणि जातात. त्यांच्यातील एकाचीही आई कोण, गाव कोणते, तो जंगलात का गेला, हे कादंबरी विचारीत नाही. किंदझूची आकांक्षाही नापारामा होण्याची आहे. १९९० च्या सुमारास उत्तरेकडील प्रांतांत मंत्रविधीच्या बळावर गोळी लागत नाही, अशा श्रद्धेने भाले घेऊन बंडखोरांवर चालून जाणारे हे खेडूत होते. म्हणजे नायकाचे स्वप्नही त्या अनामिकांशी बोलण्याचे नाही, त्यांना नमवण्याचे आहे.

यावर कोणी म्हणेल की पीडिताच्या नजरेला मारेकरी असाच दिसतो. रात्री झोपडी पेटते तेव्हा पेटवणाऱ्याचे गाव कोण विचारील? हा आक्षेप खरा आहे, आणि लेखकाने बंडखोरांना नायक बनवावयास हवे होते, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. इतक्या क्रौर्यानंतर त्यांची भलामण करणे हे मेलेल्यांचा अपमान करण्यासारखे झाले असते. पण हेही विसरता येत नाही की त्या काळी सरकारने रेनामोला नावाने संबोधण्याचेच नाकारले होते. अधिकृत भाषेत ते केवळ 'सशस्त्र दरोडेखोर' होते, आणि दरोडेखोरांशी वाटाघाटी होत नसतात. प्रशासकाची खिल्ली उडवणारी ही कादंबरी या एका बाबतीत मात्र प्रशासकाचीच शब्दसंपत्ती वापरते.

त्या नाकारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे शोधले गेले. क्रिस्तियाँ जेफ्रे या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने नाम्पुला प्रांतातील एराती भागाचा अभ्यास करून १९९० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बाहेरच्या देशांनी पेटवलेल्या या बंडाला आत जळण कोठून मिळाले, हे त्याने दाखवले. सामुदायिक खेड्यांत बळेच आणून बसवलेले, अपमानित प्रमुखांच्या मागे जाणारे काही शेतकरी बंडखोरांना आसरा देऊ लागले. जेफ्रेंच्या मांडणीवर पुष्कळ वाद झाला. परंतु त्यांनी प्रश्न विचारला, हे महत्त्वाचे. एकाच पक्षाच्या राज्यात गाऱ्हाणे सांगावयास दुसरे दार नसते. दार नसलेल्या घरात माणसे भिंत फोडतात, आणि बाहेर कुऱ्हाडी घेऊन टपलेले लोक त्यांना नेहमीच भेटतात.

याहून गंभीर बाब मुलांची आहे. कादंबरीचा सारा ओढा हरवलेल्या मुलाकडे आहे. फरिदा ही दुर्दैवी स्त्री त्या रुतलेल्या जहाजावर बसून आपल्या गास्पार नावाच्या मुलाची वाट पाहते, आणि किंदझू त्याला शोधण्याचे वचन देतो. परंतु त्या वर्षांत हरवलेली हजारो मुले कोठे होती? त्यांतील कित्येक त्या टोळ्यांतच होती. पळवून नेलेला दहा-बारा वर्षांचा मुलगाच कधी कधी गाव जाळावयास परत येत असे. म्हणजे ज्याला आई शोधते तो गास्पार आणि ज्याला सगळे घाबरतात तो अनामिक हल्लेखोर, हे दोघे एकच असू शकत होते. या भयंकर शक्यतेचा पाठपुरावा कादंबरी करीत नाही. तो केला असता तर ती आणखी दुःखद झाली असती, आणि आमच्या मते अधिक खरीही.

येथे शुभवर्तमानातील थडग्यांमध्ये राहणाऱ्या भूतग्रस्ताची आठवण होते. त्याला कोणीही साखळ्यांनी बांधून ठेवू शकत नव्हते आणि त्या वाटेने जावयास लोक भीत. प्रभू येशूने त्याला त्याचे नाव विचारले. त्याने दिलेले उत्तर सैन्याच्या पथकाचे होते, माणसाचे नव्हते. त्याच्यात एक माणूस शिल्लक उरलेला नव्हता, फौज शिरली होती. प्रभूने त्या फौजेला बाहेर काढले, माणसाला शुद्धीवर आणले आणि अखेर त्याला स्वतःच्या घरच्यांकडे पाठवले.

मोझांबिकच्या बिशपांनी नेमके हेच केले. एकामागून एक मेषपालीय पत्रे काढून त्यांनी दोन्ही बाजूंना बोलणी करण्याचे आवाहन केले. सरकारचा त्यांच्यावर रोष झाला. देशबांधव आणि दरोडेखोर यांना एका तागडीत घातल्याचा ठपका त्यांच्यावर आला. तरी बैराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्विस १९८८ साली गोरोंगोझाच्या अरण्यात रेनामोचे प्रमुख अफोंसो ध्लाकामा यांना जाऊन भेटले. दोघेही न्दाऊ भाषक समाजातले. राजधानीच्या भाषेत 'दरोडेखोर' असलेल्या माणसाशी हा मेषपाल त्याच्या मातृभाषेत बोलू शकत होता. ८ जुलै १९९० रोजी रोम येथे सांत एजिदिओ समुदायाच्या घरात बोलणी सुरू झाली. आर्चबिशप गोन्साल्विस, समुदायाचे संस्थापक आन्द्रेया रिक्कार्दी, पुढे कार्डिनल झालेले फादर मात्तेओ झुप्पी आणि इटलीचे मारिओ राफाएल्ली हे मध्यस्थ होते. सत्तावीस महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो आणि ध्लाकामा यांनी शांतिकरारावर सह्या केल्या. तत्पूर्वी १९९० च्या नव्या राज्यघटनेने एकपक्षीय व्यवस्था मोडीत काढली होती. दोन्ही बाजूंचे सुमारे नव्वद हजार सैनिक शस्त्रे ठेवून आपापल्या घरी गेले.

ही शांतता स्वस्तात आली, असे कोणी समजू नये. त्याच १९९२ सालच्या मार्च महिन्याच्या २२ तारखेला इन्याम्बाने धर्मप्रांतातील गिउआ येथील प्रशिक्षण केंद्रावर सशस्त्र हल्ला झाला. तेथे कुटुंबांसह आलेले धर्मशिक्षक आणि त्यांचे आप्त अशी वीसहून अधिक माणसे, मुलांसकट, ठार करण्यात आली. ज्यांच्याशी बोलणी चालू होती, त्याच बाजूचे रक्ताळलेले हात मध्यस्थांना दिसत होते. तरीही ते मेजावरून उठले नाहीत. मारेकऱ्याचे नाव विचारणे म्हणजे त्याचे पाप पुसणे नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. ज्याला नाव नाही, त्याच्याकडे जाबही मागता येत नाही.

मग कादंबरी कमी आणि करार मोठा, असे आम्हांला म्हणावयाचे आहे काय? तसे नाही. कराराचीही एक रिकामी जागा आहे आणि ती ही कादंबरी भरते. करारानंतर लगेच सर्वांना माफी देण्यात आली. दक्षिण आफ्रिकेसारखा सत्यशोधन आयोग मोझांबिकमध्ये नेमला गेला नाही. कोणी कोणाला मारले, हे न विचारण्याच्या अटीवर देश पुढे निघाला. बंदूक टाकून आलेल्या मुलांना गावोगावच्या वैदूंनी शुद्धीचे विधी करून घरात घेतले, चर्चमध्ये प्रार्थना झाल्या, पण मेलेल्यांची कहाणी सार्वजनिकपणे सांगावयास जागा नव्हती. ती जागा साहित्याने दिली. बसमध्ये बसून मेलेल्या माणसाची वही मोठ्याने वाचणारा मुलगा हे त्या देशाचे खरे चित्र आहे. तो अनोळखी मृताचे ऐकतो आणि त्यातून स्वतः कोण आहे, हे त्याला कळू लागते.

शेवटच्या स्वप्नात किंदझू आपल्या पक्षी झालेल्या भावाला पुन्हा माणूस होताना पाहतो. नंतर त्याला रस्त्यावर ती जळालेली बस आणि हातात वह्या घेतलेला मुलगा दिसतो, आणि तो त्याला गास्पार म्हणून हाक मारतो. वह्यांची पाने विखुरतात, अक्षरे मातीत मिसळतात. हा शेवट वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटू शकलो नाही. नावाने मारलेल्या हाकेत केवढे तारण असते, हे या लेखकाला पक्के ठाऊक आहे. म्हणूनच ती हाक जंगलातल्या मुलापर्यंत गेली नाही, याची खंत वाटते.

ही चर्चा जुन्या युद्धापुरती नाही. २०१३ साली रेनामो आणि सरकार यांच्यात पुन्हा चकमकी उडाल्या आणि २०१९ साली पुन्हा करार करावा लागला. २०१७ पासून उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात दुसरेच बंड पेटले. तेथील हल्लेखोरांनाही सुरुवातीला 'चेहरा नसलेला शत्रू' म्हटले गेले.

वाचनाविषयी दोन सूचना. कादंबरीत पूर्वजांचे आत्मे, शाप आणि मंत्रविधी पदोपदी येतात. तो त्या समाजाच्या दुःखाची भाषा आहे असे समजून वाचावे, त्यामुळे श्रद्धेला बाधा येत नाही. स्त्रीवरील अत्याचाराचे काही प्रसंग असल्याने पुस्तक प्रौढांसाठीच आहे. लेखक पोर्तुगीज भाषेत नवनवे शब्द घडवतो आणि अनुवादात त्यांतले पुष्कळ निसटते. तरी जे हाती लागते ते थोडे नाही. धर्मग्रामातील वाचक मंडळांनी हे पुस्तक अवश्य घ्यावे. वाचताना जेथे जेथे त्या निनावी टोळ्या येतील, तेथे क्षणभर थांबून, यांतला एखादा कोणाच्या घरचा असेल आणि त्याची आई त्याला कोणत्या नावाने हाक मारीत असेल, हा लेखकाने न विचारलेला प्रश्न आपण विचारावा.